चाळीस अधिक जे तीस

एका जंगलात, बाळांनो, पाणवठ्यावर कुजबुज चालली होती. "विजेच्या डीपीत कुणी बिनकामाचे शिरलेत म्हणे, आणि त्यांच्यापायी गोदाक्काची अंडी..." पुढचं बेडकांच्या ओरडण्यात बुडालं.

अर्धं ऐकून घरी जाणारी मी नव्हे. सगळं खोदून काढलं, तेच सांगते.

गोदाक्का म्हणजे रानकोंबडी. बिचारीचा पाय मोडलेला. बसवत नव्हतं, म्हणून अंडी बल्बच्या उबेला ठेवलेली. पण डीपीचा फ्यूज अधूनमधून उडायचा. शेवटी सिंहमहाराजांनी इंजिनिअर साळिंदराला बोलावलं.

साळिंदराने अंगावरचा काटा उपटला आणि वाळूत लिहिलं, चाळीस अधिक जे तीस.

"हे 'जे' काय आणखी?" महाराज गुरगुरले.

"महाराज, चाळीस अँपिअर काम करतात. तीस नुसते जातात नि येतात. ते वेगळे ओळखू यावेत म्हणून 'जे'. तारेला मात्र दोघांनाही वाहावं लागतं. फ्यूजला पन्नासची तार हवी."

"चाळीस नि तीस पन्नास? शाळेत गेला होतास ना रे?"

"काटकोनात मांडले की पन्नासच होतात, महाराज."

"असू दे. हे रिकामटेकडे तीस येतात कुठून?"

साळिंदराने मान खाली घातली. "आपल्या गुहेतल्या कूलरच्या मोटरीपायी."



"पुस ते," महाराज म्हणाले.

साळिंदराने शेपटीने पुसलं. गणित त्याचं पक्कं होतं हो, नोकरी कच्ची होती.

डीपीला चाळीसची तार बसली. दरबाराने टाळ्या पिटल्या. दुपारी महाराजांनी कूलर लावला आणि फट्! फ्यूज उडाला, बल्ब गेला.

"अगं बाई, माझी अंडी!" गोदाक्का मोडका पाय ओढत आली, कण्हत कण्हत अंड्यांवर बसली. "साळिंदरदादा, गणित चुकलं ना तुमचं?"

"चुकलं नाही अक्का, पुसलं."

"मग आता ऊब कोण देणार? तुमचं ते 'जे'?"

शेवटी गोदाक्काच तशी मोडक्या पायावर बसून राहिली.

पिल्लं निघाली. गोदाक्काचा पाय मात्र कायमचा वाकडा झाला. म्हणजे कुजबुज अर्धीच खरी. अंडी वाचली. आणि बिनकामाचे शिरले होते, पण डीपीत नव्हे, दरबारात.

तात्पर्य: बाळांनो, गणित मन लावून शिका. कुठला आकडा कुणाच्या गुहेतून येतो हे कळलं, की तो वाळूतच लिहावा. पुसायला बरा पडतो.