बहुतेकचा हात

हबीबमामूंनी कुणाला तोंडानं 'या' म्हटलेलं मी तेरा वर्षांत ऐकलेलं नाही. ते तुमच्या समोर उभे राहतात, पाय जुळवतात, दोन्ही हात वर नेतात आणि कोपरांत दुमडून तुम्हाला आपल्याकडे ओढत राहतात. मग तुम्ही पायी असा, स्कूटरवर असा नाहीतर बैलगाडीत असा. हव्या त्या जागी पोचलात की हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली करतात. फुली झाली की थांबायचं. त्यापुढे तुम्ही एक पाऊल जरी टाकलंत तरी मामूंना खरोखर त्रास होतो आणि तो संध्याकाळपर्यंत चेहऱ्यावर दिसतो.

त्यांची नोकरीच ती. विमान उतरलं की नेमकं कुठे उभं करायचं हे आतल्या वैमानिकाला कळत नाही, खाली कुणीतरी समोर उभं राहून हातांनी सांगावं लागतं. आमच्या छोट्या विमानतळावर हे सांगणारे हबीबमामू. मी त्याच कंपनीत, काउंटरवर. तुमची बॅग जास्त भरली, तुमचं विमान आज येणार नाही, अशा वाईट बातम्या हसत हसत देणं हे माझं काम. मामू परतूरचे, मी जालन्याची. सकाळी ते परतूरला गाडीत बसतात, मी जालन्याला चढते, चिकलठाण्याला उतरून दोघं एका रिक्षानं विमानतळावर जातो. संध्याकाळी सगळं उलट.

रिक्षासुद्धा सरळ लागत नाही. आधी मामू उतरतात, रिक्षासमोर जाऊन उभे राहतात आणि तिला वीतभर पुढे, वीतभर डावीकडे घेऊन फुली करतात. त्यानंतरच मी खाली पाय ठेवायचा. परतूर स्टेशनवर तर ते रोज सकाळी फलाटाच्या टोकाला उभे राहून अख्खी पॅसेंजर आत घेतात. इंजिनवाले आता सवयीनं शिट्टी देतात. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी मामूंना रेल्वेचे साहेब समजून बाकड्याखालच्या कुत्र्याची तक्रार केली होती. मामूंनी ती नीट ऐकून घेतली आणि कुत्र्यालाही हातांनीच बाहेर आणलं.

'नाक सीधं ठेवा' हे त्यांचं कशालाही उत्तर. विमानाचं नाक पिवळ्या रेषेवर आलं की शेपूट आपोआप येते, या एका गोष्टीवर त्यांचा सगळा संसार उभा आहे. माझ्या मुलीचं दहावीचं वर्ष होतं तेव्हा म्हणाले, "पोरीला म्हणावं नाक सीधं ठेव, बाकीचं बराबर मागून येतंय." सासऱ्यांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हाही तेच. मला सर्दी झाली तेव्हाही तेच म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्यांच्या भाचीच्या लग्नातला किस्सा जुबेदामामींनी मला सांगितला. मामी म्हणजे मामूंच्या पत्नी. लग्न तीर्थपुरीला होतं. बिर्याणीची देग घेऊन घनसावंगीहून टेम्पो आला आणि मंडपाच्या तोंडाशी मामू उभेच होते. त्यांनी टेम्पोला सुरेख आत घेतलं, डावं चाक खड्ड्यातून वाचवलं आणि वेळेवर डोक्यावर फुली केली. टेम्पोवाल्यानं एक्सिलेटर दाबला. मंडपाचा मधला खांब गेला, कापड देगेवर आलं आणि पाहुण्यांनी त्या दिवशी वरणभात खाल्ला. टेम्पोवाल्याचं म्हणणं एवढंच, की दोन्ही हात वर बघून मला वाटलं चाचा खुशीत नाचून राह्यले.

मामू दोन दिवस गाडीत माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी करमाड गेल्यावर म्हणाले, "ताई, इशारा बराबर होता. बगनाऱ्याला वाचता येत नव्हता."

बिर्याणी गेली त्यापेक्षा त्यांना याचं जास्त लागलं होतं. मी त्या वेळी खिडकीकडे तोंड करून पोटभर हसले.

आणि हा माणूस आजवर एकदाही विमानात बसलेला नाही. आम्हा कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा फुकट जाता येतं. मी दोनदा गोव्याला जाऊन आले. मामूंना विचारलं तर म्हणतात, मी वर गेलो तर खाली कोन उभा राहील. विमान निघताना त्यांचं काम सगळ्यात शेवटी असतं. सगळे बाजूला झाले, रस्ता मोकळा आहे, असं बघून ते उजव्या हाताचा अंगठा वर करतात, मग सलाम ठोकतात. काचेआडून वैमानिक सलाम परत करतो आणि विमान हलतं. याचा त्यांचा एक कडक नियम आहे. विमान हलून वळेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही आणि नजर काढायची नाही. एकदा मी गंमत म्हणून त्यांच्यासारखा सलाम करून दाखवला तर म्हणाले, "ताई, तुम्ही जल्दी सोडून देता."

मागच्या वर्षी कंपनीचं काही खरं नाही, अशी कुजबुज सुरू झाली. मग एक मोठी विमान कंपनी आम्हाला आपल्यात घेणार असं ठरलं. 'विलीनीकरण' हा शब्द महिनाभर आमच्या डब्यांतल्या भाजीबरोबर तोंडी असायचा. घेणार म्हणजे कुणाला घेणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. रात्री झोप नाही, सकाळी काउंटरवर हसायचं. घरी पगार माझ्या एकटीचा, कारण नवऱ्याचं दुकान दोन वर्षांपूर्वीच बंद पडलंय. त्या दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते आठवलं तरी लाज वाटते.

अशात युनियननं कंपनीशी बोलून कराराचा मसुदा आणला. विलीनीकरणाच्या आधी सगळ्या विमानतळांवरच्या कामगारांनी तो आपापल्या मीटिंगमध्ये मान्य करायचा, म्हणजे नव्या घरात जाताना हातात काहीतरी कागद असेल. मसुदा इंग्रजीत होता आणि जाडजूड. मामूंनी तो गाडीत माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, आमचं काय लिहिलंय तेवढं सांगा.

त्यांचं जे लिहिलं होतं ते बाविसाव्या पानावर होतं. काउंटरवरचे, इंजिनीअरिंगचे आणि ऑफिसातले लोक जुन्या सेवेसकट मोठ्या कंपनीत जाणार. छोट्या विमानतळांवर रॅम्पचं काम, म्हणजे विमानाभोवती उभं राहून करायचं सगळं काम, बाहेरच्या ठेकेदाराकडे जाणार. सध्याच्या रॅम्पवाल्यांना काही रक्कम देऊन मोकळं करणार आणि ठेकेदार त्यांचा 'विचार करू शकेल'. आमच्याकडे रॅम्पवर कायम नोकरीतले चौघंच होते. त्यात मामू सगळ्यात जुने, पंचावन्नचे.

मी वाचलं आणि तेरा वर्षांची सवय कामी आली. हसून म्हटलं, ठेकेदार तुमचा विचार करणार आहे मामू.

विचार करणार म्हणजे घेणार का न्हाई, असं त्यांनी विचारलं. मी पानं चाळली. बदनापूर येईपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं. शेवटी मी म्हटलं, "बहुतेक घेतील."

ते पान वाचून झालं होतं आणि घेणार नाहीत हे मला कळलं होतं. तरी मी बहुतेक म्हटलं.

मामूंनी तो शब्द दिवसभर जपून वापरला. उरलेल्या तिघांना जाऊन सांगितलं, ताई बहुतेक म्हणल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाडीत शेजारी बसले आणि बराच वेळ आपल्या पंजांकडे बघत राहिले.

"रातभर करून बगितलं ताई," ते म्हणाले. "आमच्यात ये हाये, थांब हाये, जा हाये. बहुतेकचा हात कसा करायचा?"

मग मी बाविसावं पान जसंच्या तसं, शब्द न गाळता, मराठीत वाचून दाखवलं. ते मान हलवत ऐकत होते. रागावतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, मंग बराबर, मीटिंगला मी थांब करतो.

त्या आठवड्यात त्यांनी दुसरं काम शोधायचा प्रयत्नही केला. परतूरच्या एका जिनिंगवाल्यानं सांगितलं, फाटकावर उभे राहा, कापसाचे ट्रॅक्टर आत घ्या. मामू एक सकाळ जाऊन आले. ट्रॅक्टरवाले कुणी बघतच न्हाईत, म्हणाले, फोनवर बोलत आत घुसतेत. हातवारे करणारा हा माणूस कोण म्हणून एकानं त्यांना चहाला दहा रुपये द्यायला काढले. हे सांगताना ते हसले आणि मीही हसले, पण दोघांचंही हसू फार वेळ टिकलं नाही.

मीटिंग रविवारी दुपारी जालन्याच्या एका मंगल कार्यालयात झाली. आमच्या स्थानिक सेक्रेटरीच्या मेव्हण्याचं कार्यालय, संध्याकाळी तिथे लग्न होतं म्हणून दुपारपुरतं फुकट मिळालं. स्टेजवर थर्माकोलमध्ये नवरा-नवरीची नावं आणि मधोमध लाल मखमलीच्या खुर्च्या. मुंबईहून आलेले युनियनचे साहेब नवऱ्याच्या खुर्चीत बसले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना वाचवता येत नाही, जितके वाचतील तितके वाचवू, असं घसा कोरडा पडेपर्यंत बोलला. फक्त तो आयुष्यभर ऑफिसात बसलेला होता, विमान उभं राहतं त्या सिमेंटवर कधी उतरलेला नव्हता.

शेवटी साहेब म्हणाले, मान्य असेल त्यांनी हात वर करा.

कुणीच केला नाही. मामू आणि त्यांचे तिघं शेवटच्या ओळीत बसले होते. पाठीमागे ते आहेत हे आम्हा प्रत्येकाला ठाऊक होतं. पंखा किरकिर करत होता. साहेबांनी पुन्हा विचारलं. माझा हात मांडीवर होता आणि तो वर जावा असं मला वाटत होतं, हे मी आज लपवत नाही.

तेवढ्यात मागून मामू उठले. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं पुढे आले, स्टेजसमोर उभे राहिले, पाय जुळवले. दोन्ही हात सावकाश वर नेले आणि डोक्यावर फुली केली.

साहेबांचा चेहरा उजळला. "बघा," ते म्हणाले, "ज्यांचं सगळ्यात जास्त जाणार आहे, ते दोन्ही हात वर करून पाठिंबा देतायत. शिका यांच्याकडून."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

ती फुली आमच्यातल्या प्रत्येकाला कळते. झाडू मारणाऱ्या कांताबाईंनाही कळते. साहेब, त्याचा अर्थ 'थांबा' होतो, एवढंच बोलायचं होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी वाट बघत राहिले, की दुसरं कुणीतरी बोलेल. पुढच्या ओळीतला एक हात वर गेला. मग दोन, मग पाच. मग माझा गेला. तो आपोआप गेला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी तो वर केला.

मामू तोवर आमच्याकडे वळले होते. हात अजून तसेच, डोक्यावर फुली. त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यापाशी येऊन थांबली. विमानाच्या काचेआड बघतात तसं बघत होते, आतल्या माणसाला दिसलं का याची खात्री करत. मला दिसलं होतं. त्यांना तेही कळलं.

मग त्यांनी फुली सोडली. डावा हात खाली घेतला. उजव्या हाताचा अंगठा वर केला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि सलाम केला. साहेब तेव्हा खाली मान घालून हात मोजत होते. करार एकमतानं मंजूर झाला, असं त्यांनी लिहिलं.

संध्याकाळी मी मामूंना सोडायला स्टेशनवर गेले. माझं घर उलट्या दिशेला आहे, पण गेले. बाकावर बसून म्हटलं, मामू, मी बोलायला पाहिजे होतं.

ते समोरच्या रुळाकडे बघत होते. "ताई, आत लोक बसलेले असतेत," ते म्हणाले. "त्यायला किती वेळ थांबवून ठेवनार?"

मग त्यांनी विचारलं, तुमचं नाव मोठ्या कंपनीच्या यादीत हाये ना. मी हो म्हटलं.

"बहुतेक का पक्कं?"

"पक्कं, मामू."

"मंग बराबर," ते म्हणाले, आणि पिशवीतून काढून मला दोन पेरू दिले. मुलीला द्या म्हणाले.

गाडी आली. आज त्यांनी ती आत घेतली नाही, बाकावर बसूनच येऊ दिली. मग चढले आणि दारात उभे राहिले. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी पेरू बाकावर ठेवले, पाय जुळवले, अंगठा वर केला आणि त्यांना सलाम केला. फलाटावरचे लोक बघत होते. मामूंनी दारातून मला नीट न्याहाळलं, मग आपल्या नाकाला बोट लावून ते जरासं डावीकडे सरकवलं. मी मान सरळ केली. त्यांनी सलाम परत केला.

गाडी हलली. शेवटचा डबा वळेपर्यंत मी हात खाली घेतला नाही. नजर मात्र त्याच्या कितीतरी आधीच काढून घेतली होती.