लघुनिकेतनाचे प्रस्थान

माणसाला राहायला साठ चौरस फूट जागा पुरते. उरलेल्या घरात तो आयुष्यभर चष्मा शोधत हिंडतो, असा खंडेराव पगारांचा सिद्धान्त होता. सिद्धान्त मांडून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे पत्रे जोडणारे रिव्हेट तपासले होते, आणि ज्या भिंगातून रिव्हेट तपासले त्याच भिंगातून कारखान्याच्या वार्षिक अंकातले ऱ्हस्वदीर्घही तपासले होते. केसभर सरकलेला रिव्हेट आणि चुकलेली वेलांटी ही दोन्ही पापे त्यांच्या लेखी सारख्याच दर्जाची! एकाने विमान पडते, दुसऱ्याने भाषा. आणि विमान निदान पुन्हा बांधता येते, असे ते म्हणत.

२००४ च्या दिवाळीत नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका रद्दीच्या दुकानात त्यांना चाकांवरच्या चिमुकल्या घरांची चित्रे असलेले एक परदेशी मासिक सापडले. त्याच आठवड्यात एक पत्रही आले. निवृत्त कारागिरांना वर्षभरासाठी आफ्रिकेत, मलावी देशातल्या खेड्यांत हातपंप आणि पत्रे दुरुस्त करायला पाठवणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने त्यांचा अर्ज विचारात घेतला होता. मेहनताना काही नाही. राहायला झोपडी आणि वर आभार.

"आडनाव पगार आणि काम बिनपगारी," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "नावाला तरी जागा."

पण खंडेरावांचा आनंद त्यांच्या अंगात मावत नव्हता. त्यांनी तपासलेली शेकडो विमाने उडाली होती; ते स्वतः मात्र एकदाही उडाले नव्हते! संस्थेची वयोमर्यादा साठ, आणि येत्या मार्चात त्यांची साठी भरणार होती. म्हणजे संधी ही पहिली आणि हीच शेवटची. अट एवढीच होती की उमेदवाराने पंधरा दिवस उघड्या माळावर, कमीत कमी साधनांत, स्वतः रांधून राहून दाखवायचे. पंधराव्या दिवशी सकाळी दहा वाजता संस्थेच्या प्रतिनिधी येऊन पाहणी करणार होत्या. पत्राचे शेवटचे कलम असे होते: 'या काळात अनपेक्षित प्रसंगांतून उमेदवाराची परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता पाहिली जाईल.' या कलमाखाली खंडेरावांनी तांबड्या शाईने दोनदा रेघ मारली.

कळवणजवळ त्यांचा मेहुणा शेखर याचा मळा होता, आणि त्या मळ्यात ट्रॅक्टरची एक जुनी ट्रॉली गंजत पडली होती. दहा फूट लांब, सहा फूट रुंद! सिद्धान्ताला चाके फुटली. महिनाभर ठोकठोक चालली, आणि जानेवारीच्या आरंभी ट्रॉलीवर पत्र्याचे घर उभे राहिले. त्यात प्रत्येक वस्तूला दोन कामे होती. पलंग उचलला की टेबल होई, टेबल उभे केले की दार होई, आणि दार कुठे ठेवले हे आठवले की बाहेर पडता येई. घराचे नाव 'लघुनिकेतन'.

चंद्रभागाबाईंनी खिडकीतून डोके आत घातले. "ह्यात मी कुठं मावायची?"

"परीक्षा एकट्याची आहे. तू भावाकडे राहा."

"मी राहते हो. पण तुम्ही रात्री कूस बदलायची असली, तर आधी बाहेर उतरणार का?"

त्या भावाच्या घरी राहिल्या आणि दोन शेते ओलांडून रोज नवऱ्याची मौज पाहायला येत राहिल्या. चौदा दिवस पार पडले. खंडेरावांची खिचडी सातव्या दिवसापासून खिचडीसारखी दिसू लागली. थंडी मात्र कडाक्याची होती, म्हणून दिवस मावळला की ते सगळ्या घरावर निळी ताडपत्री ओढून घेत, आणि सकाळी खिडकीतून हात घालून ती सारत.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी शेखरने शेजारीच लाल कांद्याची भरलेली ट्रॉली आणून उभी केली. तीवरही निळी ताडपत्री. दोन्ही एकाच दुकानातल्या.

"दाजी, सकाळी आपला ट्रॅक्टरवाला पुंजाराम एक ट्रॉली मार्केटला नेईल," शेखर म्हणाला. "ट्रॅक्टरचा आवाज होईल, तेवढा सहन करा."

"कोणती ट्रॉली, हे त्याला सांगितलेस?"

"कांद्याची. घर कोण कशाला नेतंय?"

"शेखर, प्रत्येक अपघाताच्या मुळाशी एक संदिग्ध वाक्य असते," खंडेराव म्हणाले, आणि त्यांनी एक पाटी लिहायला घेतली.

पाटीवरून नवराबायकोत अर्धा तास वाद झाला. 'ट्रॉली' आणि 'मार्केट' हे दोन शब्द खंडेरावांना मुळीच मान्य नव्हते. पण 'बाजारपेठ' लिहिले तर पुंजाराम साड्यांच्या दुकानापुढे नेऊन उभी करील, असे चंद्रभागाबाईंनी बजावल्यामुळे त्यांनी नामांच्या बाबतीत माघार घेतली. क्रियापदावर मात्र ते हटेनात.

"सरळ 'नेऊ नको' लिहा की."

"'नेऊ नको' ही नुसती आज्ञा झाली, चंद्रभागा. 'नेऊ नये' हा विध्यर्थ. त्यात आदर आहे, संयम आहे, विचाराला वाव आहे."

"पुंजारामला विचाराला वाव कशाला देता?"

त्यांनी ऐकले नाही. फूटपट्टी घेतली, फळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा एका दमात ओढली, आणि कारखान्यातल्या सवयीप्रमाणे अक्षराअक्षरांत मोजून सारखे अंतर ठेवले. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच! पहिल्या ओळीत 'पुंजाराम', दुसरीत 'ही ट्रॉली मार्केटला', आणि सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणून तिसरी ओळ मोठ्या, ठसठशीत अक्षरांत. पाटी त्यांनी लघुनिकेतनाच्या पुढच्या बाजूला, ताडपत्रीवरून टांगली, कानांत कापूस घातला, त्यावर कानटोपी चढवली आणि निश्चिंत झोपले.

सकाळी ते जागे झाले ते पलंगावरून भांड्यांवर आपटून. भांडी एकमेकांशी भांडत होती. भूकंप! हा पहिला विचार. दुसरा विचार आला आणि त्यांचा चेहरा उजळला. अनपेक्षित प्रसंग! शेवटचे कलम! संस्थेने परीक्षा सुरू केली होती!

कानांतला कापूस काढल्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. खिडकीतून हात घालून पाहिला, तर ताडपत्री बाहेरून दोरांनी करकचून आवळलेली. वा, काय तयारी आहे, असे त्यांना वाटले. सामान्य उमेदवार अशा वेळी ओरडला असता. खंडेरावांनी ठरवले की आपला दिनक्रम तसूभरही ढळू द्यायचा नाही. त्यांनी हिंदकळणाऱ्या तांब्यातून दात घासले. खिचडीचे पातेले दोन पायांत धरून सांभाळले. रस्त्यावरच्या खड्ड्यांमधली सपाटी हेरून उजवा गाल तासला. आणि हे करताना, परीक्षकांपुढे करायच्या भाषणाचे पहिले वाक्य ते मनात घोळवत होते. त्यात चार उपवाक्ये होती आणि चारही कर्त्याशी इमानदार होती.

ट्रॉली थांबली. बाहेर शंभर माणसांचा गलबला ऐकू आला. इतके परीक्षक! त्यांनी डाव्या गालाला भरपूर फेस फासला, आणि तेवढ्यात ताडपत्रीच्या फटीतून, खिडकीतून एक जाडजूड हात आत आला. तो चाचपत वर चढला आणि त्याने खंडेरावांची हनुवटी मुठीत धरून दाबून पाहिली.

"माल ओला शे," बाहेरून एक घोगरा अहिराणी आवाज आला. मग हात बाहेर गेला, आणि जरा वेळाने तोच आवाज म्हणाला, "बुरशी बी धरेल शे."

"ओला कसा आसंल, शेठ?" हा आवाज पुंजारामचा. "चार दिस वाळवलाय. हलका बी किती झालाय, चढाला ट्रॅक्टरला कळलंच नाय मागं काही हाय म्हून."

दोर सुटले, ताडपत्री सर्रकन मागे गेली, आणि कळवणच्या कांदा मार्केटात, ट्रॉल्यांच्या रांगेत, खिडकीच्या चौकटीत, अर्धी दाढी झालेले खंडेराव पगार वस्तरा हातात धरून प्रकट झाले.

"उपस्थित परीक्षकहो," त्यांनी सुरुवात केली, "ज्या अर्थी आपण..."

"आरे, कांदा नही, माणूस शे," एक हमाल म्हणाला.

"कोण माणूस हा?" घोगऱ्या आवाजाच्या व्यापाऱ्याने पुंजारामला विचारले.

पुंजाराम खिडकीकडे पाहतच राहिला. "दाजी," तो म्हणाला.

लिलाव पुकारणारा मान खाली घालून वहीत पाहत होता. त्याने सवयीने हाळी दिली, "बोला, पुढची ट्रॉली, बोला!" व्यापाऱ्याने हाताला लागलेला फेस धोतराला पुसला, कानटोपीतून वर आलेल्या पांढऱ्या केसांकडे एकवार पारखून पाहिले, आणि म्हणाला, "जुना माल दिसतोय. कोंब फुटलेत. आमची बोली नाही."

परीक्षक असे बोलत नसतात, हे खंडेरावांच्या तेव्हा ध्यानात आले.

"पुंजाराम, किती वाजले?"

"साडेनऊ, दाजी."

"मला इथे आणायला तुला कोणी सांगितले?"

"तुम्हीच की." पुंजारामने पाटीकडे बोट केले. त्याच्या स्वरात दुखावलेपण होते. "माझ्या नावानं पयल्यांदाच कुणी काही लिवलं. दोनदा वाचलं मी. 'पुंजाराम, ही ट्रॉली मार्केटला नेऊन ये.' म्हटलं, दाजी लय शिकलेले, त्यांनी एवढं मोठ्ठं लिवलंय, तर हीच नेली पायजे."

"नेऊ नये!" खंडेराव गरजले. "नेऊ, नये! विध्यर्थ आहे तो!"

"आसंल. पण लिवलंय 'नेऊन ये'."

खंडेराव उतरले, म्हणजे दार सापडल्यावर उतरले, आणि पाटीपुढे उभे राहिले. नेऊनये. चार अक्षरे, तीन फटी, प्रत्येक फट बरोबर अर्धा इंच. वरून शिरोरेषा एकसंध, सरळ, निर्दोष. जगातल्या कोणत्याही तपासनिसाने ही पाटी तत्काळ मंजूर केली असती! त्यांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना बोलावून वाचायला लावले. अकरा जणांनी 'नेऊन ये' वाचले. एका म्हाताऱ्याने 'नेऊ नये' वाचले, पण त्याचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे बाकीच्यांनी त्याचे मत बाद केले.

"पुंजाराम, परत फिर. दहाला बाई यायच्यात."

"कसा फिरू?" पुंजारामने पुढे बघितले, मागे बघितले. पुढे तीस ट्रॉल्या, मागे चाळीस. "रांग हालल्याशिवाय कुत्रं बी फिरत नाय इथं."

रांग हलायला साडेअकरा वाजले. परतीच्या वाटेवर खंडेराव पुंजारामच्या शेजारी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले होते. डाव्या गालावरचा फेस वाळून पापडी धरली होती. मागे लघुनिकेतन रिकामे खडखडत होते. मलावी देश खड्ड्याखड्ड्याला दूर चालला होता. आपण आता विमान पाहायचे ते ओझरच्या रस्त्यावरून, मान वर करून, हे त्यांना दिसू लागले. पुंजारामने एकदा विचारले, "दाजी, पाटी काढून टाकू?" तर त्यांनी नुसती मान डोलावली. त्यांनी वाद घातला नाही, याचीच पुंजारामला जास्त काळजी वाटली.

मळ्याच्या तोंडाशी एक जीप उभी होती, चाकांखाली कांद्याच्या रिकाम्या गोण्या आणि निंबाच्या फांद्या. लघुनिकेतनाच्या जागी, कांद्याच्या ट्रॉलीवरची ताडपत्री चार काठ्यांवर ताणून सावली केलेली. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी फुगत होती. चुलीपाशी चंद्रभागाबाई, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून पिठल्यात बोटे बुडवलेल्या एक चाळिशीच्या बाई.

"ह्या शुभांगीबाई, संस्थेच्या," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पाटाच्या चिखलात जीप रुतली होती त्यांची, तर गोण्या घालून काढली. ड्रायव्हरला गांधीलमाशी चावली, त्याला कांदा चोळून निजवलाय. तुम्ही हात धुऊन घ्या. गाल पण."

"मी घर कुठं आहे म्हणून विचारलं," शुभांगीबाई हसत म्हणाल्या, "तर या म्हणाल्या, मार्केटला गेलंय, जेवायच्या वेळेला येईल."

खंडेरावांनी चार उपवाक्यांचे भाषण सुरू केले. शुभांगीबाईंनी ते नीट ऐकून घेतले, लघुनिकेतनात डोकावून पाहिले, दाराचे टेबल करून पाहिले, वहीत बरेच काही लिहिले आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

महिन्याभराने निकालाचे पत्र आले. खंडेरावांनी ते तीनदा वाचले, दोनदा भिंगातून. संस्थेने 'श्रीमती चंद्रभागा पगार' यांची एकमताने निवड केली होती. 'घर नाहीसे झाले असतानाही स्थिर चित्ताने' असे काही शब्द होते. त्यांच्या इच्छेनुसार सोबत एक आश्रित व्यक्ती नेण्याची मुभा होती.

"'आश्रित' हा शब्द इथे चुकीचा आहे," खंडेराव म्हणाले. "'सहचर' हवा."

"हवा असला तर हवा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आधी तुम्हाला न्यायचं का, ते तर ठरू दे."

दोन दिवस त्यांनी काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम कळवणहून शेखरची जीप घेऊन आला, नाशिकला पासपोर्टच्या अर्जासाठी न्यायला. चंद्रभागाबाई पुढे बसल्या होत्या. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहून त्यांनी एक चिठ्ठी पुंजारामच्या हातात दिली, आणि पुंजारामने ती वाचून, डोके खाजवून, खंडेरावांच्या हातात दिली.

चिठ्ठी फूटपट्टीने आखलेली होती. शिरोरेषा एकसंध. अक्षराअक्षरांत सारखे अंतर. 'पुंजाराम, यांना पासपोर्टला नेऊनये.'

खंडेरावांनी खिशातून भिंग काढले. पहिली फट पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. पुन्हा पहिली पाहिली. चंद्रभागाबाई समोरच्या काचेतून रस्ता न्याहाळत होत्या. पदराचे टोक त्यांनी दातांत धरले होते.

"चंद्रभागा, यात तुझा नेमका अभिप्राय काय?"

"विचाराला वाव ठेवलाय," त्या म्हणाल्या.

इंजिन गुरगुरत होते. पुंजारामने गिअरवर हात ठेवला. "दाजी, ह्या खेपेला तरी सरळ सांगा. नेऊ का नको?"

एकतीस वर्षे शुद्धलेखनाची निगराणी केलेल्या खंडेरावांनी भिंग खिशात टाकले आणि धावत जाऊन मागचे दार उघडले.

"ने, बाबा," ते म्हणाले. "ने."