सोळा इंचाची फुंकणी

आम्ही टेम्पोतून सामान उतरवत होतो, तेव्हा घरमालक बाहेर आले. माझ्या मुलीच्या हातातली प्लॅस्टिकची बंदूक त्यांनी काढून घेतली आणि खिशातल्या टेपने तिची नळी मोजली.

“सहा इंच,” ते काळजीने म्हणाले. “वीसच्या आत हाय. इतकी आखूड नळी भल्या माणसाजवळ नसते, बाई.”

मग बंदूक मुलीला दिली आणि किल्ली मला.

हे मनवर काकाजी. यवतमाळच्या कचेरीत शस्त्र परवान्याच्या टेबलावर तीस वर्षं बसून रिटायर झालेले. घरात एकटेच. मी सावंतवाडीकडची, शाळा सातवीत सुटलेली. नवऱ्याला इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं म्हणून एवढ्या लांब आले. पहिले सहा महिने मला इथलं ऊन कळेना, बोलणं कळेना. कुणी मोठ्याने बोललं की माझंच काहीतरी चुकलं असेल असं वाटायचं. अशा वेळी काकाजींनी खोली दिली, आणि वर रोज संध्याकाळी अंगणातल्या खुर्चीवर बसून मला बंदुका शिकवल्या.

त्याआधी मला वाटायचं, बंदूक म्हणजे बंदूक. काकाजींना हे ऐकवेना.

“पयले व्याख्या, मंग गोष्ट!” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. “नळीत आतून आटे असले तर रायफल. गुळगुळीत असली तर साधी बंदूक. मागून काडतूस घातलं तर एक, समोरून दारू ठासली तर दुसरी. सरकार काही उगंच कागद काळे करून नाही राह्यलं.”

मी भाजी निवडता निवडता विचारायची, “मग आवाज करून माकडं पळवायची ती पाइपाची बंदूक?”

“ते काही फेकते का? नुसती बोंबलते. जे फेकत नाही, ते बंदूक नाही.”

माणसांनाही ते असेच वर्ग लावत. समोरच्या ताई एकदा बोलू लागल्या की थांबत नसत. त्यांच्याबद्दल काकाजी म्हणत, “घोडा एकदाच दाबा लागते. मंग आपोआप चालू. पयला वर्ग. आपल्यासारख्याले मनाई!” माझ्या नवऱ्याला बोलायला वेळ लागतो, तो ठासणीचा. आणि एवढं सगळं सांगणाऱ्या या माणसाने आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही. दिवाळीत लवंगी वाजली तरी कानात बोटं घालून आत जातात.

एका सकाळी लाइट नव्हती. गरम पाण्याची बादली न्यायला काकाजी मागच्या अंगणात आले. मी चूल फुंकत होते. ते तिथेच थांबले.

“हे काय होय?”

“फुंकणी.”

“कोठून आणली?”

“माहेरची. आईची आठवण म्हणून.”

“आन् तुमच्या मायनं कोठून आणली?”

मी आपली सरळ सांगून बसले. आजोबांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. लाकूड वाळवीने खाल्लं. मग आजीने लोहाराकडून नळीचा मधला तुकडा कापून आणला आणि फुंकणी म्हणून आईला दिला. लोखंड चांगलं, वाया कशाला घालवायचं? आमच्याकडे कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

काकाजी चुलीसमोरच्या दगडावर बसले. टेप काढली. “सोळा,” ते म्हणाले. मग हळूच, “बाई, नळी कापनं हा तर अलग गुन्हा हाय.”

फुंकणी पेपरात गुंडाळून ते घेऊन गेले.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या खिडकीतून दिसायचं: टेबलावर फुंकणी, शेजारी जाडजूड पुस्तक आणि भिंग. मला वाटायचं, पोलीस येतील, जिनिंगमध्ये कळेल, खोली सुटेल. आणि आईची वस्तू जाईल ती वेगळीच. तिच्या हातातली तेवढीच माझ्याकडे होती.

चौथ्या दिवशी मी दारात उभी राहिले. “काकाजी, मला तुरुंगात टाकतील का हो?”

“काहून भेऊन राह्यली? बस. सांग, याच्यातून तू काय फेकते?”

“फुंक.”

“हेच तर लफडं हाय!” ते डोकं धरून म्हणाले. “दारूचा जोर असो का हवेचा, दोन्ही कायद्यात येते. दोन रात्री मले झोप नाही.”

मग त्यांनी नळी उजेडाकडे धरली. दोन्ही तोंडं उघडी. दारू पेटायचा मागचा भागच नाही, आणि एका बाजूने चीर गेलेली. “जे मोडलं, आन् दुरुस्त करूनही चालनार नाही, त्याले कायदा हात लावत नाही. अस्सं लिहून हाय.” त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. “पन मी रिटायर मानूस. माह्या मताले शिक्का नाही.”

म्हणून आम्ही कचेरीत गेलो. काकाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर त्यांच्याच हाताखाली शिकलेला कारकून होता. त्याने फुंकणी डोळ्याला लावून आरपार माझ्याकडे पाहिलं आणि हसला. “घरी न्या, काकाजी. भाकरी करा.”

“तोंडी नको. कागद दे.”

त्याने अर्जाचा छापील कागद पुढे केला. मला कचेरीची भाषा येत नव्हती, म्हणून काकाजींनीच अर्ज लिहिला. वळणदार अक्षर, वस्तूचं वर्णन, लांबी, चीर कुठे, सगळं. मी खाली सही केली. शेवटी ‘अर्ज लिहून देणाऱ्याचे अर्जदाराशी नाते’ असा एक रकाना होता. तिथे त्यांचं पेन थांबलं. मला वाटलं, घरमालक लिहायला जागा पुरत नसेल.

त्यांनी लिहिलं, ‘वडील’.

कारकुनाने वाचलं. “काकाजी, तुमाले पोरगी हाय? इतकी वर्सं एका खोलीत बसलो, कधी सांगतलं नाही तुमी.”

“कोनी इचारलंच नाही,” काकाजी म्हणाले, आणि शिक्का सरळ बसतो की नाही ते वाकून बघू लागले.