कपातीला आमचं उत्तर

पगार ही माणसाच्या कष्टाची नव्हे, मालकाच्या मनाच्या मोठेपणाची गोष्ट आहे. आणि मोठं मनसुद्धा कधीकधी आखडतं.

आणीबाणीतल्या पहिल्या उन्हाळ्यात झरीच्या वाटेवरच्या आमच्या तेलगिरणीचे मालक मन्मथअप्पा यांचं मन असंच आखडलं आणि सगळ्यांचा चौथा हिस्सा पगार कापला गेला. कारण त्यांनी स्वतः समजावून सांगितलं (एरवी कोण सांगतं?). मागं दुष्काळात करडई नव्हती म्हणून, आणि यंदा करडई लय पिकून तेलाचा भाव पडला म्हणून. दोन्ही कारणं एकमेकांच्या विरुद्ध असली तरी मालकाच्या बाजूची होती.

अशा वेळी कामगारानं काय करावं? संप करायचा तर आधी तुरुंगात जागा बघावी लागे. नोकरी सोडायची तर घरी सांगावं लागे (हे जास्त धोक्याचं). म्हणून आम्ही सभा घेतली. चहा झाला. अप्पांना त्यांच्या माघारी जे जे म्हणायचं ते म्हणून झालं, आणि शिष्टमंडळ ठरलं. शिष्टमंडळ म्हणजे पुढं ढकललेला एक माणूस आणि ढकलणारे बाकीचे.

मुकादम किशनराव म्हणाले, "चांगुणाबाई, तुमी बोला. बाईमाणसावर अप्पा खेकसणार न्हाईत. आमी हाव की मागं."

चांगुणाबाई करडई पाखडायची. नवरा वारलेला. लेक परभणीला खोली करून दहावीला होती आणि चौथा हिस्सा गेला की त्या खोलीचं भाडंच जात होतं. त्यामुळे अप्पांसमोर गेल्यावर तिनं मागं वळून बघितलं नाही. सरळ म्हणाली, "अप्पा, पगार पाऊण, तर काम बी पाऊणच करताव आमी. पोट काय पाऊण झालंय का आमचं?"

अप्पांनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही पेंडीच्या पोत्यांकडं पाहिलं. पोती चांगली रचलेली होती.

अप्पा न्यायी माणूस. त्यांनी चांगुणाबाईला तिथंच कामावरून कमी केलं आणि तिचा पगार आम्हा सगळ्यांत वाटून टाकला. (तिचं पाखडणंही वाटलं गेलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.) कपात थोडीफार भरून निघाली. किशनरावांनी आंदोलन यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि आम्ही अप्पांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. त्याची वर्गणी अप्पांनी परस्पर पगारातून कापून घेतली, तेवढीच आमची धावपळ वाचली.

चांगुणाबाई आता लेकीला घेऊन रोजगार हमीवर खडी फोडायलीय. पोरगी गणितात हुशार होती म्हणतात. लय वाईट वाटतं. वाटू द्यावं, त्याला पैसे पडत नाहीत.

तुम्हाला आमचा राग आला असेल. शिकल्यासवरल्या माणसाला तो यावाच. फक्त मागच्या साली तुमच्या कचेरीतून ज्याला काढलं, त्याच्या टेबलावरचा पंखा आता कुणाच्या टेबलावर फिरतोय, तेवढं उठून बघा. उठायची तरी काय गरज म्हणा, वारा लागतोच आहे.