क्रेब्झकाकांचं थडगं

थडग्यावर कुणाचं नाव लिहायचं, एवढाच प्रश्न होता.

हॅलोविन आलं की आमच्या अंगणाचं स्मशान व्हायचं. विकतची भुतं टांगणाऱ्यांना माझी रोवीनाताई माणसांत धरत नसे. नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोल कापून तिने थडगी केली, त्यांना राखाडी रंग दिला आणि नावं लिहायचं काम मला दिलं. (माझं अक्षर चांगलं होतं. चांगलं असं तेवढंच होतं.) मनची नावं लवकरच संपली. मग समोरच्या घराकडे नजर गेली आणि मी झोकात लिहिलं, ‘ऑटो क्रेब्झ. शांत झोपा.’

क्रेब्झकाका पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन करून घ्यायला इस्पितळात गेलेत, हे मला ठाऊक नव्हतं. गल्लीला मात्र ठाऊक होतं.

दुपारी त्यांच्या दारात रांग लागली. आमच्या ओहायोत कुणी गेलं की शेजारी आधी कॅसरोल, म्हणजे भांड्यात भाजलेला एखादा भरपेट पदार्थ, भट्टीत सरकवतात आणि मग रडतात. नूडल्सचा आला, टूनाचा आला, बटाट्याचे तर किती आले. काकूंना वाटलं, सगळे ऑपरेशनची चौकशी करायला आलेत. ‘फार त्रास झाला नाही हो त्यांना, झोपेतच सगळं आटोपलं,’ असं त्या हसतमुखाने सांगत होत्या आणि लोक त्यांच्या धीराचं कौतुक करत डोळे पुसत होते.

संध्याकाळी काका गाडीतून उतरले, तेव्हा पाद्रीबाबांच्या हातून भांडंच निसटलं.

आईने निकाल दिला, की मी माफी मागायची, आणि काका रागावले तर सगळं स्मशान कचऱ्याच्या गाडीत घालायचं. ताईच्या बोटांवरचा राखाडी रंग अजून निघाला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

काका काठी टेकत आले. त्यांनी थडगं नीट न्याहाळलं.

"हे शेजारचं कुणाचं?"

"प्रुइटकाकांचं," मी म्हणालो. (ते नावही हाताशीच होतं.)

"कुंपण घातल्यापासून त्या माणसाशी मी बोललेलो नाही. आता जन्मभर त्याच्या शेजारी पडू होय? उचल माझं. तिकडे मेपलखाली लाव. आणि जरा मोठं कर."

ताईने लगेच करवत आणली. काकू मागून हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही ह्यांचंच लाव हं, क्लाइड. आठवडाभर स्वयंपाकघरात जायला नको."

पुढच्या वर्षी मी गुपचूप स्वतःचं नाव लिहिलं आणि पडद्यामागे कॅसरोलची वाट बघत बसलो. अंधार पडेपर्यंत एकटे प्रुइटकाका आले. टोपी काढून ते ताईला म्हणाले,

"फार वाईट झालं गं. आमचं पाला ओढायचं दाताळं नेलं होतं त्याने, ते कुठे ठेवलंय, जाण्यापूर्वी काही बोलला का?"