चिमटे आणि पायजमा

गॅलरीतल्या दोरीवर एकही चिमटा नव्हता. ट्रॉम्बोनवाल्याच्या बायकोला चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. नवरा दाराशी बूट घालत होता आणि त्याचे खिसे खुळखुळत होते.

"बागेत वारा आहे गं. नोटेशनचे कागद उडतात. सगळ्या वाद्यवृंदालाच लागतात चिमटे."

"मग सगळ्या वाद्यवृंदात बायको एकट्या तुम्हालाच आहे का?"

"आज नको ना. नगराध्यक्ष येतायत."

नाव ऐकताच तिचं डोकं सणकलं. या गृहस्थांना वाद्यवृंदाचा हॉल पाडून तिथे गाड्या लावायच्या होत्या. 'शहराला याचा उपयोग काय?' असं ते भर सभेत म्हणाले होते. पुलाचं उद्घाटन, शाळेचं बक्षीस वाटप, पुढाऱ्याची शोकसभा, तेव्हा बरा आठवतो वाद्यवृंद. गरज सरो, वैद्य मरो. पण आजचा बागेतला कार्यक्रम ऐकूनच ते हॉलचा निकाल लावणार होते, म्हणून तिनं चिमट्यांवर पाणी सोडलं आणि ती खाली बागेत जाऊन बसली.

सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी धुणं तसंच दोरीवर टाकलं.

व्हायोलिनं हळुवार वाजू लागली तसे नगराध्यक्ष पेंगू लागले. तेवढ्यात वारा सुटला. कागद जागचे हलले नाहीत. सासऱ्यांचा ओला, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा मात्र तिसऱ्या मजल्यावरून निघाला तो थेट नगराध्यक्षांच्या तोंडावर बसला.

ते दचकून उभे राहिले. साहेब उभे म्हटल्यावर शेजारचे अधिकारी उभे. अधिकारी उभे म्हटल्यावर मागची अख्खी बाग उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या लोकांसमोर आता काहीतरी बोलणं भागच होतं. साहेबांनी तोंड पुसलं आणि वाद्यवृंद ही शहराची शान असून हॉलला हात लागणार नाही, असं सांगून टाकलं.

घरी आल्यावर ती नुसती धुमसत होती. "इतकी वर्षं छाती फुटेस्तोवर वाजवलंत, ते कुणाच्या कानात शिरलं नाही. आणि मामंजींच्या पायजम्यानं हॉल वाचवला. लाज वाटते मला या शहराची."

नवऱ्यानं गुपचूप चिमटे टेबलावर ठेवले. इतक्यात बेल वाजली. दारात वाद्यवृंदाचे संचालक उभे होते, हातात पायजम्याची व्यवस्थित घडी.

"वहिनी, पुढच्या महिन्यात मंत्री येतायत. हॉलचं छप्पर गळतं, ते त्यांच्या मनात आलं तरच दुरुस्त होईल." ते जरा घुटमळले. "तेव्हाही हा पायजमा... म्हणजे काकांची हरकत नसेल तर."

तिनं पायजमा त्यांच्या हातातून हिसकावला. मग टेबलावरचे सगळे चिमटे गोळा करून नवऱ्याच्या खिशात परत कोंबले.

"मंत्र्यांना पायजमा पुरायचा नाही," ती म्हणाली. "डबल बेडची चादर वाळत घालते."