साळवेमामांचे साडेपाच मार्क

साळवेमामांनी आजवर एकाही सुपरहिरोला दहापैकी सहाच्या वर मार्क दिलेले नाहीत. सहासुद्धा एकदाच दिले होते. तेही पुढच्या रविवारी अर्धा कापून साडेपाच केले, कारण रात्री विचार करताना त्यांच्या लक्षात आलं की तो हिरो ओल्या बुटांनी शिडी चढला होता.

मामा पुंडलिकनगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. सारा जन्म वायरमन म्हणून खांबांवर गेला. मामी गेल्यावर घरात काहीतरी आवाज राहावा म्हणून त्यांनी टीव्ही चालू ठेवायला सुरुवात केली, आणि एका शनिवारी ही हिंदीत डब केलेली परदेशी मालिका त्यांच्यासमोर आली. त्यात दोन वेशांतर केलेले इसम गुंड पकडत हिंडतात. त्यांची नावं मामांनी कधी शिकून घेतली नाहीत. एक टोपीवाला आणि दुसरा मुखवट्या. टोपीवाला नियमानं चालणारा, गुंड धरायचा, बांधायचा आणि पोलिसांना कळवायचा. मुखवट्या उतावळा. आधी उडी, मग विचार. गुंड दोघांना आपणच धरायचा असतो, त्यामुळे अर्धा एपिसोड हे दोघं एकमेकांशीच मारामारी करतात आणि गुंड निवांत घरी जातो.

रविवारी सकाळी मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला लागले की खालून आवाज येतो.

"ताई, कालचा बघितला का?"

"नाही हो मामा."

"बरं केलं," असं म्हणून मामा सगळा एपिसोड सांगतात.

गोष्ट दोन वाक्यांत उरकते. बाकी सगळं विजेविषयी. "मुखवट्या वायरीला लोंबकळून रस्ता ओलांडतो. हातात मोजे, पण बोटं कापलेले. आता बोटंच उघडी ठेवायची तर मोजे घातले कशाला? दीड मार्क गेला." एकदा कुठल्याशा खलनायकानं एक खटका ओढून अख्खं शहर अंधारात बुडवलं, तेव्हा मामा दिवसभर अस्वस्थ होते. "आमाला एका डीपीची लाईन बंद घ्यायला तीन जागी फोन करावा लागायचा. ह्यो एकटाच. ना परमिट, ना काय."

माझे यजमान एकदा म्हणाले, "मामा, ते सगळं खोटं असतं."

मामांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "खोट्या मानसाला करंट लागत नाय व्हय?"

तेव्हापासून यजमान रविवारी गॅलरीत येत नाहीत.

मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मात्र खालून आवाजच आला नाही. दोन कुंड्यांत गरजेपेक्षा जास्त पाणी ओतून झालं तरी नाही. मी वाकून पाहिलं. मामा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

"मामा, काल किती मार्क?"

"द्यायचेच ऱ्हाले," ते म्हणाले.

मी खाली गेले. मामांनी पहिल्यांदाच विजेचा एक शब्दही न काढता गोष्ट सांगितली. मुखवट्या जखमी होता, तरी पुन्हा छतांवरून उड्या मारायला निघाला होता. असाच गेला असता तर मेला असता. म्हणून टोपीवाल्यानं पोलिसांना फोन करून त्याचा पत्ता दिला. पोलीस त्याला घेऊन गेले. जाताना त्यानं टोपीवाल्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"ताई, टोपीवाल्यानं बरोबर केलं का?"

मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला उत्तर येतच असणार असा त्यांचा समज आहे. मी म्हटलं, "जीव तर वाचला ना?"

"व्हय. जीव वाचला." मग म्हणाले, "तुमची स्कूटी आज मोकळी हाय का? दौलताबादला जायाचं व्हतं."

वाटेत पडेगावच्या पुढे, माझ्या पाठीमागे बसून, त्यांनी बाकीचं सांगितलं. रफिकभाई त्यांचे जोडीदार. वीस वर्षं एकाच शिडीवर काम केलेलं. रफिकभाई चपळ, लोकांच्या घरात लवकर उजेड यावा म्हणून मोजे, पट्टा, काही न घेता खांबावर चढायचे. एकदा झटका बसून खाली आले, आठवड्यात पुन्हा तसेच वर. तेव्हा मामांनी साहेबांना लेखी तक्रार दिली. रफिकभाईंना लाईनवरून काढून तक्रारी लिहून घ्यायला टेबलावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते टेबलावरच होते. मामांशी त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. याला अकरा वर्षं झाली होती.

किल्ल्याच्या अलीकडच्या गल्लीत घर सापडलं. रफिकभाई ओसरीतल्या बाजेवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मामा दारातच थांबले. मला वाटलं, आता माफी वगैरे मागतील.

"कालचा एपिसोड बघितलास का?" मामांनी विचारलं.

रफिकभाईंनी तेलाची बाटली खाली ठेवली. झाकण लावलं. "देखा," ते म्हणाले. "टोपीवाला गद्दार है."

"गद्दार नाय. त्याला तो जित्ता पायजे व्हता."

"तो मुँह पे बोलना था ना. चिठ्ठी काइको लिखा?"

मालिकेत टोपीवाल्यानं फोन केला होता. चिठ्ठी कुणीच लिहिली नव्हती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागले.

"तोंडावर तीनदा बोल्लो व्हतो," मामा हळू आवाजात म्हणाले. "तू ऐकलं नाय."

"चौथी बार बोलना था."

मामांनी मान खाली घातली. "व्हय," ते म्हणाले. "बोलाय पायजे व्हतं."

बाहेर एक शेळी ओरडत होती. रफिकभाईंनी बाजेवरचा टॉवेल सरकवून जागा केली आणि मामा तिथं जाऊन बसले. दोघंही समोरच बघत होते.

आतून भाभी चहाचा ट्रे घेऊन आल्या. रफिकभाईंनी तो दारातच अडवला. "इसकू बगैर शक्कर की बना. ये पहले से वैसीच पीता."

भाभी एक कप परत घेऊन गेल्या.

मामा आमच्याकडे चहात अडीच चमचे साखर घेतात, तीही ढवळून झाल्यावर चाखून पुन्हा मागतात. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. बिनसाखरेचा चहा आला. मामांनी तो बशीत ओतून, फुंकर मारत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"बरोबर झालाय," ते म्हणाले, आणि आणखी अर्धा कप मागितला.